ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीचं मूळ प्रेसिंग कसं ओळखायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ओरिजिनल प्रेसिंग’ म्हणजे नेमकं काय?

अल्बम पहिल्यांदा बाजारात आला तेव्हा, त्याच कंपनीने, त्याच देशात दाबलेली तबकडी. व्याख्या एवढीच आहे. घोळ होतो तो ‘पहिल्यांदा’ या शब्दाचा. खपणारा अल्बम कंपनी दोन-चार वर्षं पुन्हा पुन्हा दाबत राहायची. साचा तोच असायचा, कागदी लेबलं मात्र बदलत जायची. त्यामुळे विक्रेत्याने ‘ओरिजिनल’ म्हटलं की विचारायचं: पहिलं प्रेसिंग, की त्या काळातलं नंतरचं एखादं? दोघांच्या किमतीत कधी कधी दहापट फरक असतो.

जॅझमध्ये इतक्या कंपन्या असताना ब्लू नोटवरच भर का?

एक तर पैसा इथे सगळ्यात जास्त अडकतो आणि फसगतही इथेच जास्त होते. दुसरं म्हणजे खुणा वाचायला शिकण्यासाठी हिच्याइतकी चांगली शाळा नाही. आल्फ्रेड लायनने १९३९ मध्ये न्यू यॉर्कमध्ये सुरू केलेली ही छोटी कंपनी १९६५-६६ च्या सुमारास लिबर्टी रेकॉर्ड्सकडे गेली. मधल्या काळात तिचा पत्ता बदलला, लेबल बदललं, पण बारा इंची तबकड्यांच्या काळात ध्वनिमुद्रक आणि कारखाना जवळजवळ एकच राहिला. ब्लू नोट वाचता आली की प्रेस्टीज किंवा इम्पल्स समजायला फार वेळ लागत नाही.

रेकॉर्ड हातात आली की आधी काय पाहायचं?

कव्हर बाजूला ठेवा. कव्हरमध्ये कुठलीही तबकडी घालता येते. तबकडी कडेने आणि लेबलवर बोटं टेकवून धरा. मोबाइलचा टॉर्च चालू करून उजेड अगदी तिरका पाडा, सरळ वरून पाडू नका. शेवटची खोबण आणि लेबल यांच्यामधली गुळगुळीत पट्टी, जिला संग्राहक ‘डेड वॅक्स’ म्हणतात, तिथे बारीक खरवडलेली अक्षरं दिसू लागतील. घड्याळजीचं दहापट भिंग असेल तर उत्तम.

तीन गोष्टी वेगवेगळ्या वाचायच्या आणि वेगवेगळ्याच लक्षात ठेवायच्या. लेबल सांगतं की कागद कधी छापला. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची खूण सांगते की लॅकर (जिच्यावरून पुढे साचे बनतात ती मूळ कापलेली तबकडी) कोणी कापली. कानाची खूण (कारखान्याचं चिन्ह, पुढे येईल) सांगते की तबकडी कुठल्या कारखान्यात दाबली. तिन्ही जुळल्या तरच पुढे बोलायचं. नवखा माणूस फसतो तो यातल्या एकाच खुणेवर विसंबून.

लेबलवरच्या पत्त्यांचा क्रम काय?

निळं-पांढरं लेबल सगळीकडे सारखंच वाटतं. नजर खालच्या किंवा कडेच्या बारीक ओळीवर ठेवा.

‘७६७ लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू, एनवायसी’: सुमारे १९५१ ते १९५७. दहा इंची ५००० मालिका (म्हणजे ५००० च्या घरातले अल्बम क्रमांक) आणि बारा इंची १५०० मालिकेचा सुरुवातीचा भाग. बोलीभाषेत हेच ‘लेक्सिंग्टन’.

‘४७ वेस्ट ६३, न्यू यॉर्क २३’: १९५७ पासून. त्यानंतर त्याच पत्त्यापुढे ‘न्यू यॉर्क २३’ऐवजी ‘एनवायसी’ आलं. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं लेबल असलेल्या तबकड्याही आहेत, कारण कारखान्यात जुन्या लेबलांचे गठ्ठे संपेपर्यंत वापरले जात.

त्याच पत्त्यावर ‘ब्लू नोट रेकॉर्ड्स’नंतर ‘इन्क’ आणि वर्तुळातला आर: साधारण १९५९-६० पासून. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. उदाहरणार्थ, जॉन कोल्ट्रेनचा १५७७ क्रमांकाचा अल्बम १९५७ मध्ये ध्वनिमुद्रित झाला. त्याच्या लेबलवर ४७ वेस्ट ६३ आहे, कान आहे, सगळं आहे, पण सोबत ‘इन्क’ आणि वर्तुळातला आरही आहे. मग ते नंतरचं प्रेसिंग. अस्सल आहे, त्याच साच्यातलं आहे, ऐकायला तितकंच जबरदस्त आहे, पण पहिलं नाही. त्यासाठी पहिल्याची किंमत मोजू नका.

‘न्यू यॉर्क यूएसए’: साधारण १९६२ ते १९६६. या काळात नव्याने आलेल्या अल्बमांचं पहिलं प्रेसिंग याच लेबलचं असतं. १५०० मालिकेतल्या अल्बमवर हे लेबल दिसलं, तर ते उघडच पुन्हा दाबलेलं आहे.

‘अ डिव्हिजन ऑफ लिबर्टी रेकॉर्ड्स, इन्क’: १९६६ नंतर. पुढे युनायटेड आर्टिस्ट्स या नंतरच्या मालक कंपनीची लेबलं येतात.

थोडक्यात सूत्र असं: लेबल अल्बमच्या प्रकाशनाच्या वर्षाशी जुळतं का, एवढंच विचारा. नुसतं ‘जुनं’ लेबल हा काही निकष नाही.

तो प्रसिद्ध ‘कान’ म्हणजे काय, आणि दिसतो कुठे?

प्लास्टीलाइट या न्यू जर्सीतल्या कारखान्याची खूण. इंग्रजी पी हे अक्षर तिरकं आणि घाईत काढलेलं, त्यामुळे माणसाच्या कानासारखं दिसतं. आकाराने जेमतेम काही मिलिमीटर, हाताने खरवडलेलं. तबकडी हळूहळू फिरवत पूर्ण वर्तुळ पाहा. कान बहुधा मॅट्रिक्स क्रमांकापासून (पट्टीवर कोरलेला त्या बाजूचा ओळख क्रमांक) लांब असतो आणि उजेडाच्या दिशेनुसार दिसतो किंवा अदृश्य होतो. कधी तो इतका फिका असतो की डोळ्यांआधी बोटाच्या टोकाला जाणवतो. दोन्ही बाजूंना पाहा. घाईत ‘कान नाही’ म्हणून परत ठेवलेल्या तबकड्या दुसऱ्याच्या नशिबी जातात.

लिबर्टीने कंपनी घेतल्यावर प्लास्टीलाइटचं काम बंद झालं आणि कानही थांबला. म्हणून १९६६ पर्यंतच्या अल्बमांसाठी कान ही मोठी कसोटी आहे.

लेबल ‘न्यू यॉर्क यूएसए’ आहे, पण कान नाही. मग?

लिबर्टीचं प्रेसिंग. लिबर्टीला कंपनीबरोबर जुनी लेबलं आणि कव्हरंही मिळाली, आणि ती टाकून देण्याइतका उधळा कारभार नव्हता. नव्या कारखान्यात दाबलेल्या तबकड्यांवर जुना कागद चिकटवला गेला. बाजारात ‘ओरिजिनल न्यू यॉर्क लेबल’ म्हणून सर्रास विकला जाणारा माल बहुतेक वेळा हाच असतो. जाहिरातीत कानाचा उल्लेख नसेल तर विक्रेत्याला थेट विचारा. ‘माहीत नाही’ हे उत्तर आलं तर ‘नाही’ असंच धरा.

‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ असं कोरलेलं आहे. मूळ प्रेसिंग ठरतं ना?

ठरत नाही. रूडी व्हॅन गेल्डर हा ध्वनिमुद्रक. आधी हॅकेनसॅकमध्ये आई-वडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात आणि १९५९ पासून एंगलवूड क्लिफ्सच्या स्टुडिओत त्याने काम केलं. लॅकरही तो स्वतः कापायचा. सुरुवातीला ‘आरव्हीजी’ हाताने खरवडलेलं असतं, मग ठशाने उमटवलेलं, आणि साधारण १९६२ पासून ‘व्हॅन गेल्डर’ असा पूर्ण ठसा. पण तो प्रेस्टीज आणि इम्पल्ससाठीही काम करत होता, त्यामुळे ही खूण त्यांच्या तबकड्यांवरही आहे. शिवाय लिबर्टीने त्याचे धातूचे साचे पुढेही वापरले, म्हणजे लिबर्टीच्या प्रेसिंगवरही ठसा असू शकतो.

तरी ही खूण बिनकामाची नाही. कान नसला आणि ‘व्हॅन गेल्डर’ असेल, तर आवाज त्याच्याच कटिंगचा आहे आणि किंमत बरीच कमी. ऐकण्यासाठी घेणाऱ्याला यापेक्षा चांगला सौदा क्वचितच मिळतो. दोन्ही नसतील तर कटिंग दुसऱ्या कोणाचं तरी आहे.

‘डीप ग्रूव्ह’ हवाच का?

लेबलच्या काठापासून अंदाजे दीड सेंटिमीटर आत, कागदासकट खोल दबलेलं एक वर्तुळ असतं. ते दाबयंत्राच्या जुन्या डायमुळे पडतं. संगीताशी त्याचा काही संबंध नाही. पन्नाशीच्या दशकातल्या ब्लू नोटवर ते दोन्ही बाजूंना असायलाच हवं. १९६१ च्या आसपास नव्या डाय येऊ लागल्या आणि जुन्या-नव्यांची सरमिसळ झाली. म्हणून त्यानंतरच्या अल्बमांवर ते एकाच बाजूला, दोन्हीकडे किंवा कुठेच नाही, असं काहीही असू शकतं. साठच्या दशकातल्या तबकडीसाठी ‘डीप ग्रूव्ह’च्या नावाने जास्त पैसे मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

कडा आणि वजन यांवरून काही कळतं का?

लेक्सिंग्टन काळातल्या बऱ्याच तबकड्यांची कड सपाट आहे, बोट फिरवलं तर बाहेरच्या टोकाला उंचवटा लागत नाही. नंतरच्या तबकड्यांना गोल, किंचित फुगीर कड आहे. कारण साधं: ऑटोमॅटिक चेंजरवर तबकड्या एकमेकींवर पडत, तेव्हा खोबणी घासू नयेत. वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करता येतं. जुन्या तबकड्या १७० ग्रॅमच्या पुढे भरतात, सत्तरीतल्या १२०-१३० च्या आसपास. पण निव्वळ वजनावर काही ठरवू नका. आजचं नवं पुनर्मुद्रणही मुद्दाम १८० ग्रॅमचं असतं.

कव्हरवरचा पत्ता लेबलपेक्षा वेगळा आहे. काही गडबड?

घाबरू नका. १९६१ च्या आसपासपासून कव्हरच्या मागे ‘४३ वेस्ट ६१ स्ट्रीट’ असा पत्ता येतो, पण लेबलवर तो कधीच आला नाही. त्यामुळे लेबलवर ४७ वेस्ट ६३ आणि कव्हरवर ४३ वेस्ट ६१ ही जोडी एका ठरावीक काळासाठी अगदी बरोबर आहे. उलट १९५७ च्या अल्बमच्या कव्हरवर ४३ वेस्ट ६१ असेल, तर कव्हर नंतरचं. कव्हर आणि तबकडी यांची लग्नं बाजारात लावली जातात, हे गृहीतच धरा.

मोनो चांगलं की स्टिरिओ?

वाद मिटणारा नाही. १९५८ च्या अखेरीपर्यंत मोनोची टेप वेगळी होत असे. त्यानंतर व्हॅन गेल्डर फक्त दोन ट्रॅकची टेप करी आणि मोनो कापताना दोन्ही ट्रॅक एकत्र करी. त्यामुळे १५०० मालिकेसाठी मोनोच घ्या. ४००० मालिकेत किंमत मोनोची जास्त, पण ऐकायला स्टिरिओ वाईट नाही, फक्त वाद्यं डाव्या-उजव्या कोपऱ्यात उभी केल्यासारखी वाटतात.

नकली माल येतो का?

उघड खोटेपणापेक्षा, प्रामाणिकपणे काढलेली पुनर्मुद्रणं कोणीतरी जुनी म्हणून विकतं, हा प्रकार जास्त. जपानमध्ये किंग कंपनीने १९७७ पासून आणि तोशिबा-ईएमआयने १९८३ पासून उत्तम प्रती काढल्या. त्यांचं लेबल मूळासारखं असतं, पण कव्हरवर किंवा आतल्या कागदावर जपानी मजकूर असतो. तो कागद आणि कव्हरवरची उभी पट्टी काढून टाकली की अननुभवी माणूस गोंधळतो. अमेरिकेतल्या क्लासिक रेकॉर्ड्सने तर लेक्सिंग्टन लेबल, सपाट कड आणि डीप ग्रूव्ह यांसह हुबेहूब प्रती काढल्या होत्या. त्यांच्या डेड वॅक्समध्ये लॅकर कापणाऱ्या बर्नी ग्रंडमन याची ‘बीजी’ आद्याक्षरं आहेत, कान नाही. म्हणून लक्षात ठेवा: लेबल आणि डीप ग्रूव्ह यांची नक्कल करणं सोपं आहे, डेड वॅक्सची पट्टी वाचा.

सीलबंद प्रतीला भुलू नका. प्लॅस्टिक पुन्हा चढवता येतं, आणि आतली पट्टी वाचल्याशिवाय काहीच कळत नाही.

इतर कंपन्यांसाठी झटपट खुणा?

प्रेस्टीज: पिवळं लेबल, त्यावर ‘४४६ वेस्ट ५०, एनवायसी’ असेल तर साधारण १९५८ पर्यंतचं. ‘बर्गनफील्ड, न्यू जर्सी’ असेल तर त्यानंतरचं. १९६४ च्या सुमारास निळं, त्रिशूळवालं लेबल आलं. पट्टीवर ‘आरव्हीजी’ आणि हाताने लिहिलेलं ‘एबी’ (अॅबी या कारखान्याची खूण) दिसलं तर आनंद माना.

रिव्हरसाइड: सुरुवातीचं पांढरं लेबल, नंतर निळं. १९६४ मध्ये कंपनी बुडाली, त्यामुळे पुढचं सगळं पुनर्मुद्रण.

व्हर्व: लेबलच्या तळाशी ‘व्हर्व रेकॉर्ड्स, इन्क’ असेल तर आधीचं, ‘एमजीएम’ असेल तर कंपनी एमजीएमला विकल्यानंतरचं, म्हणजे १९६१ पासूनचं.

इम्पल्स: नारिंगी लेबल, काळी कड. अगदी सुरुवातीच्यांवर तळाशी ‘अॅम-पार’, मग ‘एबीसी-पॅरामाउंट’. लाल-काळं लेबल १९६८ नंतरचं.

कोलंबिया: लेबलवर सहा ‘डोळे’ (डोळ्यासारखी चिन्हं) असतील तर १९६२ पर्यंतचं.

कोलंबियाच्या पट्टीवर मॅट्रिक्स क्रमांकाच्या शेवटी ‘१ए’ असेल तर तीच सगळ्यात पहिली ना?

हा गैरसमज हटता हटत नाही. कोलंबिया एकाच वेळी अनेक लॅकर कापून वेगवेगळ्या कारखान्यांना पाठवत असे. ‘१ए’ आणि ‘१डी’ एकाच आठवड्यात, दोन ठिकाणी दाबलेल्या असू शकतात. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’साठी (मोनो सीएल १३५५, स्टिरिओ सीएस ८१६३) सहा डोळ्यांचं लेबल तर हवंच, पण त्याहून उपयोगी खूण दुसऱ्या बाजूच्या गाण्यांच्या क्रमात आहे. सुरुवातीच्या प्रतींवर दोन्ही गाण्यांची नावं उलट छापली गेली होती. आणि पहिली बाजू तुमच्या पेटीच्या सुरापेक्षा किंचित चढी वाटली, तर टर्नटेबल दुरुस्तीला नेऊ नका. ध्वनिमुद्रणाचं टेपयंत्र त्या दिवशी हळू चालत होतं. ती चूक १९९२ पर्यंतच्या प्रतींत तशीच आहे.

तबकडी चकाचक दिसते, तरी आवाज फाटका येतो. का?

जड टोनआर्म आणि झिजलेल्या सुईने खोबणीच्या भिंती कापल्या गेल्या. ओरखडा दिसतो, ही झीज सहज दिसत नाही. तिरक्या उजेडात काळी चमक जाऊन राखाडी झाक दिसते. ऐकताना ट्रम्पेटचा चढा सूर आणि बाजूची शेवटची पाच मिनिटं तपासा, कारण आतल्या खोबणीत झीज आधी कळते. साफ केल्याने ही झीज जात नाही. नखाला लागणारा ओरखडा बहुधा टकटक करतो. नखाला न लागणारे केसासारखे ओरखडे बऱ्याचदा ऐकूच येत नाहीत.

सुई कोणती?

मोनो एलपीची खोबण सुमारे २५ मायक्रॉन टोकाच्या सुईसाठी कापलेली, स्टिरिओची सुमारे १८ मायक्रॉनसाठी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांना ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. एलपीची सुई त्यात घातली तर ती खोबणीच्या तळाशी लोळते आणि नुसता खरखराट ऐकू येतो. मोनोसाठी खरं मोनो कार्ट्रिज घेतलं, तर अर्धा कचरा आपोआप गप्प होतो.

धुवायचं कसं?

एक लिटरसाठी ८०० मिली डिस्टिल्ड पाणी, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटोग्राफीतल्या वेटिंग एजंटचे (पाणी नीट पसरवणारं द्रावण) दोन-तीन थेंब. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खोबणीत बसतात. लेबल झाका. मऊ ब्रशने खोबणीच्या दिशेनेच गोल फिरवा, आडवं कधीही घासू नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुवा. हा टप्पा गाळला की उरलेला साबण सुईवर गोळा होतो. भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी वाळवा, पंख्याखाली नको, धूळ बसते.

७८ च्या तबकड्या लाखेच्या. त्यांना अल्कोहोल लावलं तर पृष्ठभागच विरघळतो. फक्त पाणी आणि वेटिंग एजंटचा एखादा थेंब, आणि लगेच पुसणं.

कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात काय करायचं?

बुरशी आधी कव्हरला धरते, मग कागदी आतल्या पाकिटाला, आणि तिथून तबकडीला. जुनं कागदी पाकीट जपायचं असेल तर वेगळं ठेवा आणि तबकडी पॉलिथिनच्या पाकिटात घाला. मऊ, वास येणारं पीव्हीसीचं बाहेरचं कव्हर टाळा, त्याने व्हिनाइलवर कायमचा धुरकट डाग पडतो. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. सगळ्या उभ्या ठेवा, तिरक्या नकोत. शेल्फ मजबूत हवं, कारण फूटभर एलपींचं वजन पंधरा किलोच्या आसपास जातं. धुऊनही पांढरे ठिपके राहिले तर बुरशीने पृष्ठभाग खाल्ला आहे, तिथे टिकटिक राहणारच.

मुंबईत, गोव्यात मूळ ब्लू नोट सापडते का?

चोर बाजारच्या मटन स्ट्रीटवर कधीमधी. कोणीतरी परदेशातून आणलेली, बहुधा खूप वाजवलेली. जास्त सापडतात त्या ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या, दमदमला दाबलेल्या प्रती. यांतल्या अनेक ब्रिटनहून आलेल्या साच्यांवरून दाबल्या असल्याने पट्टीवरचा मॅट्रिक्स क्रमांक ब्रिटिश प्रतीसारखा असतो. अमेरिकी अल्बमचं ते मूळ प्रेसिंग नाही. मात्र इथेच ध्वनिमुद्रित झालेल्या संगीताचं मूळ प्रेसिंग भारतीयच. अमेरिकी ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथच्या वाद्यवृंदाने १९३६ मध्ये मुंबईत रेक्स या लेबलसाठी वाजवलेल्या ७८ च्या तबकड्या, अमेरिकी पियानोवादक टेडी वेदरफोर्डच्या कलकत्त्याच्या कोलंबिया तबकड्या, आणि १९६८ चा शंकर-जयकिशन आणि रईस खान यांचा रागांवरचा जॅझ अल्बम (ईसीएसडी २३७७), ज्यात गोव्याचे वादक मोठ्या संख्येने आहेत. अमेरिकेतले संग्राहक या मागवतात आणि आपण रद्दीत पाहतो. ७८ घेताना राखाडी झाक आधी तपासा: पोलादी पिन एकदा वाजवून फेकायची असते, आपल्याकडे ती महिनाभर चालवली गेली आहे.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे काय मागायचं?

दोन्ही लेबलांचे आणि दोन्ही डेड वॅक्सचे जवळून फोटो, तिरक्या उजेडात. ग्रेड (तबकडीच्या स्थितीची श्रेणी) पाहून दिली की ऐकून, हे विचारा. ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुड प्लस) नुसतं पाहून दिलेलं असेल, तर एक पायरी खाली धरा. कव्हर आणि तबकडी एकमेकांचीच आहेत का, हेही. आणि पाठवताना तबकडी कव्हरच्या बाहेर, वेगळ्या पाकिटात ठेवून पाठवायला सांगा. आत ठेवली तर प्रवासात धक्क्याने ती कव्हरची शिवण फाडून बाहेर येते, आणि साठ वर्षं टिकलेलं कव्हर एका कुरियरात जातं.